ऐनापुरे सरांचा घसा

“पद्मजा, भिंतीवर काय लिहिलंय ते वाच बघू,” ऐनापुरे सर म्हणाले आणि मी उभी राहिले.

भूगोलाच्या खोलीत खिडक्यांवर काळं कापड ओढलेलं होतं. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. समोरच्या भिंतीवर उजेडाचा मोठा चौकोन होता आणि त्या चौकोनात, मी नेमकी जिथं नजर लावायचे तिथं, धुक्याचा एक गोळा होता. डोळे डावीकडे नेले की गोळाही डावीकडे यायचा. कडेकडेनं काहीतरी हिरवं, काहीतरी निळं दिसत होतं. अक्षर एकही नव्हतं.

“सर, चष्मा घरी राहिला,” मी म्हणाले.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. हसणारच, कारण माझ्या नाकावर चष्मा कधी कुणी पाहिला नव्हता. सरांनी माझ्या शेजारच्या तबस्सुमला वाचायला सांगितलं. मी खाली बसले. घामानं ओढणी मानेला चिकटली होती.

मी तेव्हा गडहिंग्लजच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. चष्मा मला नव्हताच, कारण चष्म्यानं माझं काही होणार नव्हतं. उन्हाळ्यात माझे वडील, आण्णा, मला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की नजरेचा मधला भाग झिजत चाललाय. पूर्ण अंधार होणार नाही, चालता-फिरता येईल, पण वाचन जाईल, समोरच्याचा चेहरा ओळखणं जाईल. औषध नाही. परतीच्या वाटेवर संकेश्वरला चहा घेताना आण्णा म्हणाले, “त्रिशलाचं लग्न जमेपर्यंत ह्यातलं कुणाला कळायला नको. लोक म्हणतील, घराण्यातच आहे.”

त्रिशला माझी थोरली बहीण, माझी आक्का. तिला स्थळं बघणं चालू होतं. आण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, गावात ओळख होती, आणि आमच्या समाजात एखादी गोष्ट एका घरातून दुसऱ्या घरात जायला फार वेळ लागत नसे. आण्णा वाईट नव्हते, घाबरलेले होते. मीही घाबरले होते, म्हणून मी मान हलवली.

लपवणं मला हळूहळू जमायला लागलं. बस कोणती ते गर्दीवरून कळायचं, माणूस कोण ते चालीवरून आणि आवाजावरून. तबस्सुमच्या वह्या मी घरी न्यायचे आणि भिंग लावून, मान वाकडी करून, नजरेच्या कडेनं एकेक शब्द वेचायचे. इतिहास, अर्थशास्त्र असं कसंतरी निभत होतं, कारण त्यांचे मास्तर नुसते बोलायचे. भूगोल मात्र माझा सगळ्यांत आवडता विषय, आणि तोच हातातून सुटत चालला होता.

ऐनापुरे सर फार सुंदर शिकवायचे. सीमाभागातले, घरी कानडी बोलणारे, खणखणीत आवाजाचे. पण त्यांचं अर्धं शिकवणं तोंडात आणि अर्धं बोटात होतं. भिंतीवर नकाशा आला की ते हातात छडी घेऊन म्हणायचे, “ही बघा, ही अशी आली, इथं वळली आणि इथं जाऊन मिळाली.” सगळ्या वर्गाला नदी दिसायची. मला फक्त ‘ही’, ‘अशी’ आणि ‘इथं’ ऐकू यायचं.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्यांच्या खोलीत गेले आणि घरी अडचण आहे, सुट्टीनंतर मी कॉलेजला येणार नाही, असं सांगितलं. कसली अडचण ते त्यांनी विचारलं. मी म्हणाले, घरचं आहे. माणसाच्या तोंडाकडं बघायचं तर मला त्याच्या कानाच्या बाजूला बघावं लागायचं, म्हणून मी टेबलाकडंच बघत राहिले. सर म्हणाले, “सुट्टीनंतर पहिला आठवडा ये. त्यानंतर जायचं असलं तर जा, मी अडवणार नाही.”

त्यांचा शब्द मोडवला नाही म्हणून मी गेले.

पहिल्याच तासाला सर गळ्याभोवती मफलर गुंडाळून आले. पुढच्या बाकावरच्या शिवलिंगला जवळ बोलावून त्याच्या कानात ते काहीतरी कुजबुजले आणि शिवलिंगनं वर्गाला मोठ्यानं सांगितलं, की सरांच्या घशाला त्रास झालाय, बेळगावच्या डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, आणि तोवर आपल्याला कॉम्प्युटर शिकवणार. वर्गात हशा झाला. सरांनी काळं कापड ओढलं, प्रोजेक्टर लावला आणि एक बटण दाबलं.

कॉम्प्युटर बोलायला लागला. पुरुषाचा आवाज होता, सपाट आणि कोरडा, रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखा. इंटरनेटवर फुकट मिळणारं काहीतरी सॉफ्टवेअर होतं. त्यात मजकूर टाइप केला की ते वाचून दाखवायचं, आणि ते बोलणं सरांनी एकेका चित्राला जोडून टाकलं होतं. मराठी आवाज त्यांना कुठं सापडला नव्हता, म्हणून हिंदी आवाजाकडून मराठी वाचून घेतलं होतं. त्या बिचाऱ्याला ‘ळ’ म्हणता येत नव्हता. नदीनं वाहून आणलेला गाळ मुखाशी साचतो, असं त्याला म्हणायचं होतं. तो म्हणाला, “नदीने वाहून आणलेला गाल मुखाशी साचतो.” पोरं बाकांवर हात आपटून हसली. त्या दिवसापासून त्या आवाजाचं नाव गालमामा पडलं.

मी मात्र हसायची विसरले होते. गालमामा सांगत होता, “भिंतीवर एका नदीचा नकाशा आहे. ही हिरण्यकेशी. नकाशाच्या डाव्या टोकाला आंबोलीचा डोंगर आहे, तिथं ती उगम पावते. तिथून ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे निघते. सुरुवातीला रेघ दोऱ्यासारखी बारीक आहे. आजऱ्याच्या पुढे ती जाड होते. गडहिंग्लज तिच्या काठावर आहे.”

मी जन्मल्यापासून त्या नदीकाठी राहत होते. तिच्यात पाय सोडून बसले होते, तिच्यात गौरी बुडवल्या होत्या. पण ती कुठून येते आणि कुठं जाते हे त्या तासाला पहिल्यांदा माझ्या डोक्यात नीट उमटलं, डावीकडून उजवीकडे, बारीक रेघेची जाड रेघ होत. तास संपल्यावर तबस्सुमनं विचारलं, “रडतेस का गं?” मी म्हणाले, हसून हसून पाणी आलं.

आठवडा संपला. मी गेले नाही. त्यानंतर मी भूगोलाचा एकही तास चुकवला नाही.

गालमामा रोज काहीतरी दाखवायचा. दाखवायचा म्हणजे सांगायचा. पावसाचा आलेख असला तर कोणत्या महिन्याची पट्टी सगळ्यांत उंच, तिच्या शेजारची किती बुटकी, रंग कोणते. ज्वालामुखीचं चित्र असलं तर बाहेरून आत जात एकेक थर. सर बाजूला खुर्चीवर गप्प बसायचे आणि कुणी शंका विचारली तर फळ्यावर उत्तर लिहून शिवलिंगकडून वाचून घ्यायचे. मी हात वर करून उत्तरं द्यायला लागले. एकदा मी वाऱ्यांच्या दिशा सांगितल्या तेव्हा सरांनी डस्टरनं टेबलावर टकटक केलं. त्यांची शाबासकी आता अशी असायची.

पोरांचं हसणं संक्रांतीपर्यंत ओसरलं. मग वेगळंच सुरू झालं. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्यांचा पहिला तास एस्टीपायी बुडायचा. त्यांनी गालमामाचं बोलणं मोबाइलच्या मेमरी कार्डावर मागून घेतलं. सर सगळ्यांना द्यायचे. मुली भाकऱ्या थापताना ऐकायच्या, पोरं गोठ्यात ऐकायची. मी रात्रंदिवस ऐकायचे, आणि कुणालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं, कारण सगळेच ऐकत होते.

सरांना मात्र बोलणी खावी लागली. स्टाफरूममध्ये त्यांची चेष्टा चालायची, की ऐनापुऱ्यांनी नोकरी यंत्राला दिली आणि पगार स्वतःकडं ठेवला. प्राचार्यांनीही बोलावून घेतलं होतं म्हणे. गॅदरिंगला सर दर वर्षी गायचे. एक कानडी वचन आणि एक अभंग, आणि सगळा मांडव गप्प व्हायचा. त्या वर्षी पोरांनी त्यांना स्टेजवर ओढत नेलं तर त्यांनी हात जोडले, गळ्याकडं बोट दाखवलं आणि खाली उतरले. मला फार वाईट वाटलं. आपल्याला जे औषध लागू पडलं ते दुसऱ्याच्या आजारातून आलं, असं काहीतरी तेव्हा मनात आलं होतं, आणि त्याची लाजही वाटली होती.

आता मी स्वतः सांगलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. माझ्या कॉम्प्युटरमधला आवाज मराठी आहे आणि त्याला ‘ळ’ झकास म्हणता येतो. नवे प्राध्यापक मला विचारतात, मॅडम, न दिसणाऱ्या मुलांसाठी चित्रं कशी करायची, त्याला काही वेगळं शिक्षण लागतं का. तेव्हा मी त्यांना पुढचा प्रसंग सांगते.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एकेक विषय घेऊन वर्गापुढं मांडायचा असायचा. भिंतीवर आपली चित्रं लावायची आणि उभं राहून बोलायचं. मला ते जमणं शक्य नव्हतं. सरांकडून सुटका मागावी म्हणून एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले.

फाटकाशीच थबकले. व्हरांड्यातून आवाज येत होता. खणखणीत, भरदार, वळणावळणांचा. ऊसदराची बातमी वाचली जात होती आणि ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली असती. तो आवाज मी कुठंही ओळखला असता. फाटकाची कडी वाजली आणि बातमी मधेच तुटली. दुसऱ्या क्षणी तीच बातमी कुजबुजत पुढं सुरू झाली.

“आता काय झालं रे?” एक म्हातारा आवाज कडाडला. सरांच्या आई होत्या, त्यांना कमी ऐकू यायचं. “आत्तापतोर नीट वाचत होतास की. मोठ्यानं वाच!”

मग पेपर घडी केल्याचा आवाज आला आणि सर म्हणाले, “ये, पद्मजा. बस.” अगदी पूर्ण आवाजात म्हणाले.

मी पायरीवर बसले. एवढंच विचारलं, की घसा बरा झाला का.

“घशाला काही झालंच नव्हतं,” सर म्हणाले. “तुला दिसत नाही हे मला गणपतीच्या सुमाराला कळलं. मी तोंडानं सांगितलेलं सगळं तुला यायचं आणि दाखवलेलं काहीच यायचं नाही. चष्म्याचं तर तू तीनदा सांगितलंस.”

आधी भीती वाटली, मग राग आला. मी विचारलं, मग मला का नाही विचारलं.

“तू लपवत होतीस. लपवणाऱ्याला कारण असतं. ते उकरून काढायचा मला काय हक्क? आणि तुझ्यासाठी म्हणून काही केलं असतं, तर पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गानं तुझ्याकडं मान वळवली असती. माझ्याकडं वळवली तर काय बिघडतं?”

“पण सर, तुम्ही तोंडानंच सांगितलं असतंत तर? यंत्र कशाला?”

ते हसले. म्हणाले, “करून बघितलं. दोन तास बघितलं. वीस वर्षांची सवय. तोंड उघडलं की छडी वर जाते आणि ‘हे बघा, इथं’ बाहेर पडतं. त्या कॉम्प्युटरला बोट नाही. त्याच्या तोंडात ‘हे बघा’ घालून उपयोग नाही. त्याच्यासाठी लिहायला बसलो तेव्हा मला कळलं, मी निम्मं सांगतच नव्हतो. रोज रात्री एकेक चित्र घेऊन बसायचो, ह्यात काय आहे ते शब्दांत लिही म्हणून. सोपं नव्हतं, पोरी. पण आता तोंड असलेला माणूस यंत्राला बोलायला लावतोय म्हटल्यावर सगळे कारण विचारणार. म्हणून घसा बसवला.”

“तुम्ही गॅदरिंगला गायला नाहीत,” मी म्हणाले.

“एक वर्ष नाही गायलं,” सर म्हणाले. शेजारी त्यांच्या आई कानडीत काहीतरी विचारत होत्या, बहुतेक ही कोण आलीय म्हणून. त्यांना त्यांनी मोठ्यानं सांगितलं, की माझी विद्यार्थिनी आहे.

मग ते माझ्या विषयाकडं वळले. सुटका मिळणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. कॉलेजच्या लॅबमध्ये त्यांनी आणखी एक सॉफ्टवेअर घालून ठेवलं होतं, तेही फुकटचंच. आपण टाइप केलेलं अक्षर न अक्षर ते कानात सांगायचं. बोटांना जागा कळल्या की डोळ्यांवाचून सगळं करता येतं, म्हणाले. “कुणाला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. नाही सांगितलंस तर माझा घसा परीक्षेपर्यंत असाच राहील. मला जड नाही.”

तिथून मी तडक दुकानात गेले. रविवार असला तरी आण्णा दुकानात असायचे. मोटरीवर तांब्याची तार गुंडाळत होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, की मी वर्गात सांगून टाकणार आहे. त्यांचा हात थांबला नाही. “त्रिशलाचं नेसरीचं स्थळ होत आलंय,” एवढंच बोलले.

आक्का त्यांचा जेवणाचा डबा घेऊन केव्हा आली होती ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. तिनं डबा टेबलावर ठेवला. “माझ्यासाठी लपवत असाल तर लपवू नका,” ती म्हणाली. “उद्या माझ्या पोटी असं लेकरू आलं तर त्यालाबी लपवून ठेवायचं काय मी?”

आण्णांनी तार खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्कूटर काढली आणि मला कॉलेजच्या लॅबच्या दारापर्यंत सोडलं. नंतर रोजच सोडायला लागले. नेसरीचं स्थळ पुढं मोडलं, हे खरं. आक्का त्यावर माझ्यापुढं कधी रडली नाही. तिचं लग्न निपाणीत झालं, आणि त्या लोकांना आण्णांनी पहिल्या भेटीतच माझ्याबद्दल सांगितलं होतं.

माझा दिवस आला. मी हिरण्यकेशी घेतली होती. भिंतीसमोर उभी राहिले. उजेड डोळ्यांवर येत होता, पुढं बसलेल्यांचे चेहरे नव्हतेच, नुसत्या आकृत्या. मी म्हणाले, “मला भिंतीवरचं वाचता येत नाही. वर्षभर आलं नाही. चष्मा विसरला म्हणायचे ते खोटं होतं. माझी चित्रं मी कानानं ऐकून केलीत. त्यात काही चुकलं असलं तर सांगा.”

कुणी हसलं नाही. बाक करकरले, कुणीतरी खोकलं. मी बटण दाबलं आणि गालमामानं पहिलं चित्र सांगितलं, मग मी त्यावर बोलले. आंबोली झाली, आजरा झालं, गडहिंग्लज झालं. एका चित्राला आवाज जोडायचा राहून गेला होता, तिथं मी अडखळले. शिवलिंग म्हणाला, “पुलाचा फोटो आहे,” आणि मी पुढं सुरू केलं. शेवटचं चित्र संपलं.

आणि मग शेवटच्या बाकावरून आवाज आला.

“ही नदी अरबी समुद्राच्या उशाशी जन्मते. मग पूर्वेकडं का जाते?”

सगळा वर्ग गर्रकन मागं वळला. चार महिने तो आवाज कुणी ऐकला नव्हता. सरांनी खुलासा वगैरे काही केला नाही. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

“उतार पूर्वेकडं आहे, सर,” मी म्हणाले.

“का आहे? आधी कोण आलं, नदी का डोंगर?”

मला येत नव्हतं. मी तसं सांगितलं.

“शोधून आण,” ते म्हणाले. “उद्या विचारणार.” आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

मी जागेवर येऊन बसले. एवढ्या सगळ्यानंतर त्यांनी मला शाबास म्हटलं नव्हतं, घशाची गोष्ट काढली नव्हती, फक्त न आलेला प्रश्न घरी घेऊन जायला सांगितलं होतं, जसं ते कुणालाही सांगत. तबस्सुमनं माझा हात धरला होता. तास सुटल्यावर मी तिला म्हणाले, “लायब्ररीत येतेस का? मला वाचून दाखवायला कुणीतरी पाहिजे.”

“चल,” ती म्हणाली, आणि तिनं दोघींच्या वह्या उचलल्या.